निबिरू हा बारावा ग्रह नव्हे, ते मार्दुकचं नाव आहे

गेल्या काही आठवड्यांत एकच संदेश मला तीन वेगवेगळ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आला. मजकूर थोडक्यात असा: सुमेरियन लोकांना (आजच्या दक्षिण इराकमधले प्राचीन लोक) सूर्य-चंद्र धरून बारा 'ग्रह' माहीत होते. बारावा निबिरू, तो दर ३६०० वर्षांनी जवळ येतो. तिथून अनुनाकी नावाचे लोक पृथ्वीवर उतरले आणि त्यांनी माणूस घडवला. पुरावा म्हणून बर्लिनच्या संग्रहालयातल्या एका मुद्रेचा (ओल्या मातीवर उमटवायच्या कोरीव शिक्क्याचा) फोटो. १९७६ साली अमेरिकेत निघालेल्या एका पुस्तकातून ही गोष्ट पसरली. मी हौशी आकाशनिरीक्षक आहे आणि बॅबिलोनच्या मातीच्या पाट्यांची भाषांतरं बरीच वर्षं वाचतो आहे, म्हणून हे सोडून देववत नाही.

आधी निबिरू. मूळ शब्द 'नेबेरू', आणि तो सुमेरियन नाहीच, अक्कादी म्हणजे बॅबिलोनच्या लोकांच्या भाषेतला आहे. 'एबेरू' म्हणजे ओलांडणं. त्यावरून नेबेरू म्हणजे ओलांडायची जागा, नदी पायी ओलांडायचा उतार किंवा पलीकडे नेणारी होडी, म्हणजे 'तर'. आपल्याकडे खाडीवर 'तर' असते, तोच अर्थ. बॅबिलोनच्या 'एनुमा एलिश' या सृष्टिकाव्यात बॅबिलोनचा मुख्य देव मार्दुक विजयी झाल्यावर देव त्याला पन्नास नावं देतात, त्यांतलं हे एक. आकाशाच्या ओलांडणीवर त्याचा ताबा आहे, म्हणून तो नेबेरू. मग आकाशात हा कोण? 'मुलअपिन' ही ताऱ्यांची यादी उघडून पाहा. तिची तारीख लिहिलेली सर्वांत जुनी प्रत इसवी सनपूर्व ७व्या शतकातली आहे. त्यात सरळ लिहिलंय: आकाश दुभागून उभा राहणारा, जागा बदलत आकाश ओलांडणारा तो मार्दुकचा तारा, नेबेरू, गुरू ग्रह. म्हणजे जो 'अज्ञात' ग्रह म्हणून सांगितला जातो, तो गच्चीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसतो.

बारा ग्रहांचंही तसंच. पाट्यांवर फिरते तारे पाचच आहेत, आणि प्रत्येक एका देवाचा. गुरू मार्दुकचा, शुक्र इश्तारचा, शनी निनुर्ताचा, मंगळ नेर्गालचा, बुध नाबूचा. त्यात चंद्र म्हणजे सिन आणि सूर्य म्हणजे शमाश मिळवले की सात. युरेनस १७८१ मध्ये आणि नेपच्यून १८४६ मध्ये दुर्बिणीमुळे सापडले, त्यांचा एकाही पाटीवर मागमूस नाही. हे सात आपल्या वारांतही आहेत. बॅबिलोनमधून ग्रीकांकडे आणि तिथून भारतात ही विद्या आली, तिच्या खुणा वराहमिहिराच्या ग्रंथात मेषेला 'क्रिय' आणि वृषभेला 'तावुरि' म्हटलं आहे त्यात दिसतात. हे मूळ ग्रीक शब्द आहेत.

आता ती मुद्रा, क्रमांक व्हीए २४३. तिच्यावर एका ताऱ्याभोवती अकरा ठिपके आहेत, आणि संदेश म्हणतो की मधला तारा सूर्य. पण मेसोपोटेमियात, म्हणजे सुमेर-बॅबिलोनच्या त्या प्रदेशात, सूर्य कसा काढत, हे शोधायची गरजच नाही. सिप्पार या शहरातली शमाशची शिळा ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. तिच्यावर चंद्रकोर, सूर्य आणि इश्तारचा तारा शेजारी शेजारी कोरलेत. सूर्य म्हणजे वर्तुळ, आत चार टोकं आणि त्यांच्या मधून वळणदार किरण. बर्लिनच्या मुद्रेवरच्या ताऱ्याला ना वर्तुळ आहे ना ते किरण. ठिपके म्हणजे तारे, ही त्यांची नेहमीची रीत. कृत्तिका तर ते सात ठिपक्यांनीच दाखवत. मुद्रेवर छोटा लेखही आहे. त्यात माणसांची नावं आणि 'तुझा सेवक' एवढंच. ग्रहांविषयी एक अक्षर नाही.

३६०० हा आकडा कक्षेचा नव्हे, तो 'शार' आहे: साठ गुणिले साठ. त्यांची मोजणीच साठावर चाले. सुमेरियन राजांच्या यादीत जलप्रलयापूर्वीच्या अलुलिम राजाची कारकीर्द २८,८०० वर्षं, म्हणजे आठ शार दिली आहे. हाच निबिरू २००३ मध्ये आणि मग २०१२ मध्ये पृथ्वीवर आदळणार असंही सांगितलं गेलं होतं. लोक खरोखर घाबरले होते.

अनुनाकींना कुठल्याही पाटीवर ग्रह नाही. अन या आकाशदेवाशी नातं सांगणारा हा देवांचा समूह आहे. इनान्ना (इश्तारचंच सुमेरियन नाव) हिच्या पाताळप्रवासाच्या कवनात तर सात अनुन्ना, म्हणजे हेच अनुनाकी, पाताळातले न्यायाधीश आहेत. देवांची घरं कुठे, याचं उत्तर त्या लोकांकडे अगदी नेमकं होतं: मार्दुक बॅबिलोनच्या एसागिला या देवळात, नाबू बोर्सिप्पात, सिन उरमध्ये, शमाश सिप्पारमध्ये, नेर्गाल कुथात. ग्रह हा देवाचा तारा, त्याची खूण. घर देवळात. नववर्षाच्या अकितू उत्सवात नाबूची मूर्ती बोर्सिप्पाहून बॅबिलोनला नेत.

मला राग येतो तो याचा, की या संदेशात खरं काम करणारी माणसंच नाहीशी होतात. बॅबिलोनच्या अम्मीसदुका राजाच्या काळातल्या मानल्या जाणाऱ्या २१ वर्षांच्या शुक्राच्या उदयास्तांच्या नोंदी आजही वाचता येतात. २०१६ मध्ये जाहीर झालेल्या अभ्यासात दिसलं की इसवी सनपूर्व ३५० ते ५० या काळातल्या बॅबिलोनी गणकांनी गुरू साठ दिवसांत किती सरकतो, हे समलंब चौकोनाच्या क्षेत्रफळावरून काढलं होतं. ही रीत १४व्या शतकात युरोपात निघाली, असं तोवर मानलं जाई. आणि त्यांच्या रोजनिशा, ज्यांतल्या हाती लागलेल्या नोंदी इसवी सनपूर्व ६५२ पासून ६१ पर्यंतच्या आहेत! एकाच पाटीवर चंद्र कुठल्या ताऱ्याजवळ होता, ढग आले म्हणून काय दिसलं नाही, फरात नदीचं पाणी किती चढलं, आणि त्या महिन्यात बाजारात जव, खजूर, तीळ आणि लोकर काय भावाने मिळत होती.