नवी पिकअप, चोरीचं भय आणि प्रीमियमचं गणित

नव्या पिकअपवाल्यांची एक तक्रार मी सारखी ऐकतोय, की ट्रॅकर लावला, स्टेअरिंग लॉक लावला, गाडी गेटच्या आत उभी करतो, तरी विम्याच्या रिन्युअलला प्रीमियम वाढलाच कसा? मग कंपनीला शिव्या. शिव्या खुशाल घाला, पण माझं स्पष्ट मत आहे की लॉकचे पैसे प्रीमियममधून वसूल होतील या आशेवर लॉक घेऊच नये. लॉक घ्यायचा तो सकाळी गाडी जागेवर दिसावी म्हणून. प्रीमियम हा वेगळाच खेळ आहे आणि त्यात तुमच्या एकट्याच्या शहाणपणाला फारशी किंमत नाही.

आधी चोरी कशी होते ते बघा, कारण अजूनही लोकांच्या डोक्यात काच फोडून वायरी जोडणारा चोर आहे. किलेस, म्हणजे चावी खिशातून न काढता उघडणाऱ्या गाडीच्या हँडलला हात लावला की गाडी अगदी कमी पल्ल्याचा, साधारण १२५ किलोहर्ट्झचा सिग्नल सोडते, खिशातला फोब, म्हणजे रिमोटवाली चावी, तो ऐकून जागा होतो आणि उत्तर देतो, गाडीला वाटतं मालक आला. हा सिग्नल रिले करणारे, म्हणजे लांबवर पोचवणारे चोर सहसा जोडीनं येतात, एक जण घराच्या दाराशी अँटेना घेऊन उभा, दुसरा गाडीपाशी, आणि दोघं मिळून ते संभाषण लांबवतात. फोब आत टेबलावर पडलाय, तुम्ही झोपलाय, आणि बाहेर गाडी त्याच फोबवर विश्वास ठेवून चालू होते. काच फुटत नाही, अलार्म वाजत नाही.

दुसरा प्रकार ओबीडी पोर्टचा. मेकॅनिक जिथे स्कॅनर लावतो त्याच सॉकेटमधून नवीन चावी प्रोग्रॅम करता येते, चोर आत शिरला की कोरा फोब घेऊनच बसतो.

आणि तिसरा प्रकार वाचून मी खरंच थक्क झालो. २०२२ मध्ये लंडनमध्ये एका माणसाची टोयोटा आरएव्ही फोर गेली, आणि तो माणूस स्वतः गाड्यांच्या सायबर सिक्युरिटीतला! चोरीच्या आधी कुणीतरी त्याचा पुढचा बंपर ओढून हेडलाइटची वायरिंग उपटली होती, त्याला वाटलं उगाच कुणी नासधूस केली. नंतर खोदून काढलं तेव्हा कळलं की हेडलाइटच्या वायरीतून गाडीच्या आतल्या नेटवर्कमध्ये, म्हणजे कॅन बसमध्ये शिरता येतं आणि 'चावी बरोबर आहे, उघड' असा खोटा मेसेज टाकता येतो. त्यासाठीचं यंत्र चक्क ब्लूटूथ स्पीकरच्या खोक्यात लपवून विकलं जात होतं. २०२३ च्या एप्रिलमध्ये हे सगळं जाहीर झालं. इथे फोब कितीही जाड डब्यात ठेवा, काही उपयोग नाही, कारण फोबला कुणी विचारतच नाही. म्हणून बंपर किंवा दिवा हललेला दिसला, तर पोरांनी केलं असेल म्हणून सोडू नका, त्या रात्री गाडी दुसरीकडे लावा.

मग करायचं काय? माझा अनुभव आणि वाचन दोन्ही एकच सांगतात, की जे दिसतं आणि कापायला वेळ लागतो तेच कामाचं. जाडजूड स्टेअरिंग लॉक. रोज लावायचा कंटाळा येतो, हाताला गार लोखंड लागतं, खटकन बसला की नाही ते ओढून बघावं लागतं, सगळं कबूल. पण किलेसवाला चोर गुपचूप, झटपट काम करायला आलेला असतो, त्याला ग्राइंडरचा आवाज नको असतो. त्याच्या जोडीला वेगळा इमोबिलायझर, म्हणजे ठरलेल्या क्रमानं स्टेअरिंगवरची बटणं दाबल्याशिवाय इंजिन चालूच होत नाही असा, तो कॅनवाल्या चोरालाही अडवतो. फोबसाठी सिग्नल अडवणारा पाउच घ्या, पण फोब त्यात ठेवून, पाउच घेऊन गाडीपाशी जा आणि दार उघडतं का ते एकदा बघा, कारण शिवण उसवली की पाउच नुसता बटवा उरतो. स्पेअर फोबही त्यातच, ते सगळे विसरतात.

ट्रॅकरबद्दल थोडं कडू बोलतो. ट्रॅकर चोरी थांबवत नाही, चोरी झाल्यावर कामाला येतो. खिशात मावणारे ब्लूटूथ टॅग तर आता चोराच्याच फोनवर 'अनोळखी टॅग तुमच्यासोबत फिरतोय' असं सांगतात. ते लोकांचा पाठलाग होऊ नये म्हणून आहे आणि योग्यच आहे, पण मग त्या टॅगच्या भरवशावर बसू नका. बरं, चोरीची गाडी परदेशी पाठवायला कंटेनरमध्ये शिरली की सिग्नलची बोंब. कॅनडात २०२४ मध्ये पोलिसांनी मॉन्ट्रियल बंदरातल्या मोहिमेत ५९८ चोरीच्या गाड्या जप्त केल्याचं जाहीर केलं, जहाजावर चढायच्या बेतातल्या.

पिकअपचं आणखी एक दुखणं म्हणजे अख्खी गाडी न नेता तुकडे नेतात. मागचा फाळका बऱ्याच मॉडेलवर उचलून काढता येतो, आणि आता त्यात कॅमेरा असतो म्हणजे तो महागडा तुकडा. खाली धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम असलेला, आणि गाडी उंच असल्यानं जॅकसुद्धा लावावा लागत नाही. हौद्यात ठेवलेली हत्यारं गेली तर गाडीच्या पॉलिसीत ती बहुधा बसतच नाहीत, हे क्लेम करायला गेल्यावर कळतं.

आता प्रीमियम. 'सर्वात जास्त चोरी होणाऱ्या गाड्या' या याद्या वाचून लोक घाबरतात. अमेरिकेतल्या २०२२ च्या यादीत पहिल्या नंबरावर शेव्हरोलेच्या मोठ्या पिकअप, मग फोर्डच्या. पण त्याच यादीत सर्वात जास्त चोरी गेलेलं मॉडेल वर्ष बघा, शेव्हरोलेचं २००४ आणि फोर्डचं २००६! म्हणजे जुन्या, साध्या चावीच्या गाड्या, आणि रस्त्यावर त्या आहेतच ढिगानं. इन्शुरन्सवाला असा नुसता आकडा बघत नाही, तो बघतो की विमा असलेल्या दर हजार गाड्यांमागे क्लेम किती आणि एका क्लेमला पैसे किती गेले. नवी पिकअप इथे अडकते. एकदा गेली की रक्कम मोठी, आणि न जाता नुसती ठोकली तरी मोठी. बंपरमध्ये रडार, आरशात कॅमेरा, एलईडी दिव्याचा अख्खा युनिट बदला, वर कॅलिब्रेशन, म्हणजे कॅमेरा-रडार पुन्हा जुळवून घेणं. फोर्डची एफ-१५० तर २०१५ पासून ॲल्युमिनियम बॉडीची आहे, त्याच्या दुरुस्तीला वेगळी हत्यारं, वेगळं ट्रेनिंग. चोरीचा धोका हा प्रीमियमचा एक भाग, आणि अँटी-थेफ्टची सूट मिळालीच तर सहसा त्याच भागावर. मी एजंटला विचारलं, "एवढं सगळं लावलंय, किती कमी होईल?" तर म्हणाला, "सर, लॉकचा नाही, चहा-पाण्याचा खर्च निघेल." हसू आलं, पण खोटं नव्हतं.

तरी विचारा. कारण काही कंपन्या धोक्याच्या मॉडेलवर मान्यताप्राप्त ट्रॅकर नसेल तर जादा आकारतात, कॅनडात हे सर्रास झालंय. आणि पॉलिसीत दोन गोष्टी शोधा, चावी गाडीत राहिली तर क्लेम मिळतो का, आणि दोन्ही चाव्या जमा करायची अट आहे का. नुसता थर्ड पार्टी असेल तर चोरीचा छदामही मिळत नाही. कर्जाची गाडी असेल तर बाजारभावानं मिळालेले पैसे आणि बँकेची बाकी यातली फट तुमच्या खिशातून जाते.

माझा खरा राग कार कंपन्यांवर आहे. खिशातून चावी न काढण्याची सोय त्यांनी विकली, आणि आता त्या सोयीचा खर्च मालक दोनदा भरतोय, एकदा लॉकला, एकदा प्रीमियमला. कॅनडानं कंपनीतूनच बसवलेला इमोबिलायझर, म्हणजे योग्य चावीशिवाय इंजिन चालू न होऊ देणारी यंत्रणा, २००७ च्या सप्टेंबरपासून सक्तीचा केला, अमेरिकेनं केला नाही, आणि ह्युंदाई-कियाच्या बिनइमोबिलायझर गाड्या २०२२ मध्ये यूएसबी केबलच्या टोकानं कशा चोरल्या जात होत्या ते सगळ्यांनी पाहिलं. सक्ती केल्याशिवाय कंपन्या हलत नाहीत. फोब थोडा वेळ हलला नाही की झोपी जाणारा सेन्सर, इंजिनला पिन मागणारी सेटिंग, हे प्रत्येक पिकअपमध्ये स्टँडर्ड का नाही? आणि ज्याला किलेस नकोच त्याला मेनूतून ते बंद करता आलं पाहिजे. माझ्या गाडीत तो ऑप्शन शोधून शोधून दमलो, मॅन्युअलमध्येही नाही, डीलरला मेल टाकलाय, अजून उत्तर नाही. आलं की इथेच टाकतो.