हात केला तर थांबायचे नाही, असे कोणी ठरवले?

आज संध्याकाळी माझ्या मुलाने चहा पिता पिता सहज एक गोष्ट सांगितली आणि तेव्हापासून माझे चित्त थाऱ्यावर नाही. वारजे पुलाजवळच्या सर्व्हिस रस्त्यावर साठीचे एक गृहस्थ जुनी स्कूटर एका अंगावर कलती करून उभे होते, त्यांनी याला हात केला आणि हा थांबला नाही. पाऊस होता का, तर होता. याला कुठली घाई होती का, तर नव्हती. मग का थांबला नाहीस, असे विचारल्यावर त्याने आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरचा एक निरोप माझ्यासमोर धरला. रस्त्यात कोणीही हात केला तरी थांबू नका, पेट्रोल संपल्याचे सांगून लुटतात, सर्वांना पाठवा. त्याखाली वीस-पंचवीस अंगठे होते आणि त्यांतला एक अंगठा माझा होता.

मी मुलावर ओरडलो. ते चुकले, हे आता लिहिताना कळते आहे, पण त्या वेळी राग आवरला नाही. गेल्या वर्षी त्याला गाडी शिकवताना क्लच कसा सोडायचा, वळणाआधी गिअर कसा उतरवायचा, पहिल्या पावसात रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्ट्यांवर ब्रेक का दाबायचा नाही, हे सगळे मी त्याला समजावले होते. थांबायलाही शिकवावे लागते हे माझ्या मनात आले नाही, कारण मला ते कोणी बसवून शिकवलेले नव्हते. मी ते खंबाटकी घाटात पाहिले होते.

जुलै 2007. वाईहून दुपारी फोन आला की थोरले मामा गेले. आई पोहोचेपर्यंत त्यांना उचलायचे नाही, असे तिच्या भावंडांनी ठरवले होते, त्यामुळे एसटीच्या भरवशावर न राहता मी तिला मागे बसवले आणि पुण्याहून भर पावसात निघालो. शिरवळ गेले, पारगाव खंडाळा मागे पडले आणि निम्म्या घाटात खटकन आवाज होऊन गाडीची ओढच गेली. इंजिन चालू होते, गिअर पडत होता आणि गाडी मात्र जागची हलत नव्हती. चेनचे लॉक तुटून सगळी चेन कव्हरमध्ये गोळा होऊन बसली होती. तेव्हा पुण्याकडून जाणारी वाहने हा घाट चढत आणि साताऱ्याकडून येणारी बोगद्यातून जात, त्यामुळे समोरून येणाऱ्या कोणाला थांबवून खाली खंडाळ्याला निरोप धाडावा म्हटले तर तीही सोय नव्हती. आई कठड्याजवळ पदर डोक्यावर घेऊन उभी होती आणि एक शब्दही बोलत नव्हती. मोटारी गेल्या, ट्रक गेले. ट्रकवाल्यांना मी बोल लावत नाही, कारण भरलेली गाडी त्या चढावर एकदा थांबली की पुन्हा उचलत नाही.

मग एक स्प्लेंडर आली. पुढे चाळिशीचा माणूस, मागे त्याची बायको आणि दोघांच्या मध्ये पोत्यात गुंडाळून तारेने बांधलेली पाण्याची मोटार. ती गाडी आमच्यापुढे दहा-पंधरा पावले गेली आणि थांबली. मी हात केला नव्हता. ही गोष्ट मी आज मुलाला तीन वेळा सांगितली, कारण माझ्या दृष्टीने सगळे सार त्यातच आहे. मी हात केलाच नव्हता.

दुचाकी चालवणाऱ्या माझ्या मित्रांना मी वेगळे काय सांगणार? आपण सगळे याच रीतीत वाढलो आहोत. स्टँड खाली राहिला की मागून कोणीतरी ओरडतो, ओढणी चाकाकडे लोंबते आहे असे दिसले की अनोळखी बाई वेग वाढवून बरोबरीला येते आणि सांगून जाते, डिकी उघडी राहिली, इंडिकेटर चालूच राहिला, मागे बसलेले पोर पेंगते आहे, असे काहीही असले तरी कोणीतरी बोलतोच. एप्रिल 2017 पासून नव्या गाड्यांचे दिवे कायमचेच चालू असतात, त्याला बटणच नसते, तरी आजही एखादे काका समोरून येताना मूठ उघडमीट करून ‘लाइट चालू आहे’ असे खुणावतात. माझा मुलगा त्यांना हसतो. मला त्यांचे हसू येत नाही. समोरून येणाऱ्या परक्या माणसाची बॅटरी उतरू नये, एवढ्यासाठी ते पावसात हँडलवरचा हात काढतात.

रस्त्यावर ऑइल सांडले असेल तर त्यावर माती टाकणारा बहुधा दुचाकीवालाच असतो, कारण त्या जागी आपलेच चाक सरकणार हे त्याला ठाऊक असते. वळणापलीकडे खड्डा असेल किंवा गाडी बंद पडली असेल तर अलीकडे झाडाची फांदी तोडून ठेवणारे हातही बहुतेक आपलेच असतात. पावसाची सर आली की पुलाखाली गाड्यांची दाटी होते आणि प्रत्येक नव्या भिजलेल्या माणसासाठी आधीचे लोक हँडल वळवून वीतभर जागा करतात. तिथे कोण कुठला हे कोणी विचारत नाही. रुमाल एकाचा असतो आणि हेल्मेटची काच पुसणारे चौघे असतात. आपल्या आणि रस्त्याच्या मध्ये ना पत्रा असतो ना काच, आणि मला वाटते याचे कारण तेवढेच आहे. देशातल्या रस्त्यांवर 2022 या एका वर्षात 1 लाख 68 हजारांवर माणसे गेली आणि त्यांत दर शंभरांमागे चव्वेचाळीस दुचाकीवरची होती. ही भीती सगळ्यांच्या पोटात सारखी असल्यामुळे पडलेला माणूस परका वाटत नाही.

आणि अशा माणसांना आपण सांगतो की थांबू नका.

हा निरोप लिहिणाऱ्याचा मला मनापासून संताप आला आहे. कुठे घडले, कधी घडले, कोणाला लुटले, यांतले काहीही त्यात नाही. त्याने पन्नास घरांत संशय पोहोचवला आणि आपण सगळे तो पुढे ढकलत बसलो. हा निरोप 2007 साली त्या माणसाच्या फोनवर आला असता आणि त्याने तो खरा मानला असता तर माझ्या आईला भावाचे तोंड दिसले नसते. रात्री आडवाटेला लुटालूट होते, हे मला मान्य आहे, आणि माझी मुलगी एकटी असेल तर गाडी न थांबवता पुढच्या पंपावर किंवा पोलिसांना सांग, असेच मीही तिला म्हणेन. पण भर संध्याकाळी, वाहत्या रस्त्यावर, म्हाताऱ्या माणसासाठी न थांबायला हे कारण पुरत नाही. दुचाकीवाले उलट्या दिशेने घुसतात, पदपथावर गाडी चढवतात आणि पुढे पोलीस असल्याची खूण करून एकमेकांना वाचवतात, असे कोणी म्हणेल, तर तेही खरे आहे आणि त्याची मला लाज वाटते. त्याने मूळ मुद्दा खोटा ठरत नाही.

दुसरी भीती पोलिसांच्या लचांडाची. अपघात झाला तर हात लावू नका, तुम्हालाच अडकवतील, असे माझे वडीलही म्हणत आणि त्यांच्या काळी ते खोटे नव्हते. पण सर्वोच्च न्यायालयाने 2016 मध्ये मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक केली आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात 134 अ हे कलमच आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही आणि त्याला स्वतःचे नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही. 108 ला फोन लावायचा, माणसाला रस्त्याच्या कडेला सावरायचे, मागून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवत राहायचे, एवढे तर आपण कोणीही करू शकतो. हे ग्रुपवर कोणी का पाठवत नाही?

पुन्हा घाटात येतो, कारण माझे मन तिथून हलायला तयार नाही.

त्या माणसाने आल्या आल्या मला एकच विचारले, “चेन का?” मग त्याने स्वतःच्या गाडीचे साइड कव्हर काढून फोटोच्या रोलची एक काळी डबी बाहेर काढली. त्या डबीत दोन फ्यूज होते, एक प्लग होता, व्हॉल्व्ह ट्यूबचा तुकडा होता आणि चेनचे एक जुने लॉक होते. लॉकची पट्टी होती, पण तिला बसणारी क्लिप नव्हती. दहा नंबरच्या पान्याने त्याने माझ्या गाडीचे चेनकव्हर खोलले, ग्रीसने काळ्या झालेल्या बोटांनी चेन दोन्ही चक्रांवरून फिरवली, लॉक बसवले आणि क्लिपच्या जागी दोन्ही पिनांभोवती तार इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी फिरवून पकडीने पिळली. पाऊस त्याच्या पाठीवर पडत होता. त्याची बायको तोवर आईजवळ जाऊन उभी राहिली होती आणि दोघींच्या डोक्यावर तिने प्लॅस्टिकचा कागद धरला होता. आईने तिला काय सांगितले ते मला ऐकू आले नाही. त्या बाईने वळून नवऱ्याला फक्त एवढेच म्हटले, “आवरा लवकर, यांचं माणूस गेलंय.” त्यानंतर तो माणूस माझ्याशी काही बोलला नाही, त्याचे हात मात्र दुप्पट वेगाने चालू लागले.

मी पैसे काढले तर त्याने माझा हात मागे सारला. “लॉक तारेनं बांधलंय, भरवसा न्हाई. तुम्ही पुढं व्हा, मावशीला नीट धरून बसू द्या. आम्ही मागं येतो.” उरलेला घाट आणि पुढचा उतार मी तिसऱ्या गिअरमध्ये काढला आणि आरशात त्यांचा दिवा सतत दिसत राहिला. सुरूर फाट्याला वाईकडे वळताना मी मागे पाहिले, तर त्याने हात वर केला आणि गाडी फिरवली. वाईत पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती आणि मामा अजून अंगणात होते. रात्री सगळे आटोपल्यावर आईने मला सांगितले की ती माणसे वेळ्याची होती. वेळे सुरूरच्या अलीकडे आहे. स्वतःच्या गावावरून ती भर पावसात तशीच पुढे आली होती, आमची चेन टिकते की नाही ते बघायला. आईने त्या बाईचे नाव विचारले नव्हते आणि याची खंत ती अजून बोलून दाखवते. त्या रस्त्याने जाताना वेळे आले की ती आजही डावी-उजवीकडे घरांकडे बघत राहते.

हे सगळे मी मुलाला सांगितले. पूर्वीही सांगितले असेन, पण आज तो पहिल्यांदा ऐकत होता. मग मी त्याला मागे बसवून वारज्याला गेलो. दीड तास उलटून गेला होता, तरी गेलो. ते गृहस्थ तिथे नव्हते. कोपऱ्यावरच्या वडापाववाल्याने सांगितले की बराच वेळ ते स्कूटर ढकलत होते, शेवटी जेवण पोहोचवणाऱ्या एका पोराने मागून पाय लावून त्यांना पंपापर्यंत नेले. गाडीला पाय लावून ढकलणे धोक्याचे आहे आणि मुलाने ते करावे असे मी म्हणणार नाही. पण त्या पोराच्या पिशवीत कोणाचे तरी जेवण गार होत होते, उशिराबद्दल त्याला बोलणी बसली असतील आणि तरीही तो थांबला. त्याच्याबद्दल मला किती आदर वाटतो ते मला इथे नीट लिहिता येत नाही.

परत येताना सिग्नलला मुलगा मागून हळूच म्हणाला, “बाबा, मी पुढं गेल्यावर आरशात बघितलं होतं. त्यांचा हात तसाच वर होता.” माझा राग तिथे ओसरला. ज्याला काहीच वाटत नाही तो आरशात बघत नाही. त्याला थांबायचे होते, आणि ज्या निरोपाने त्याला पुढे नेले त्याच्याखाली त्याच्या बापाने अंगठा लावलेला होता.

तो अंगठा मी मघाशी काढला आणि ग्रुपवर लिहिले की हा निरोप मला मान्य नाही, माझी मुले थांबतील. एका चुलत भावाने “काही झाले तर?” असे विचारले आहे. त्याला उद्या फोन करून खंबाटकीची गोष्ट सांगेन, लिहिण्यात ती पुरी येत नाही.

मुलगा आत्ता माझ्यासमोर बसला आहे. त्याच्या गाडीच्या साइड कव्हरखाली ठेवायला आम्ही एका छोट्या डबीत फ्यूज, प्लग आणि क्लिपसकट चेनचे लॉक भरले. डबीचे झाकण लावता लावता त्याने विचारले, “पण बाबा, घाटात त्या माणसाला तार कुठं मिळाली?”

पोत्यातली मोटार ज्या तारेने बांधली होती, ती तार होती ती. त्यानंतर सुरूरपर्यंत आणि तिथून परत वेळ्यापर्यंत ती मोटार त्या माउलीने दोन्ही हातांनी कवळून धरली होती.