मान दुखली की सरळ एमआरआय? त्या मेसेजला मुद्देवार उत्तर

सोसायटीचा ग्रुप असो, शाळेच्या बॅचचा असो की भजनी मंडळाचा, नागपुरात सध्या मानदुखीवरचा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. आशय असा: मान पंधरा दिवसांपेक्षा जास्त दुखली तर एक्स-रे आणि रक्त तपासण्यात पैसे घालवू नका, सरळ मानेचा एमआरआय काढा. सूज असेल तर त्यात दिसतेच. दोन मणक्यांमधली गादी फुगलेली दिसली तर दुखण्याचं कारण तेच. रिपोर्ट नॉर्मल आला तर दुखणं मनाचं. आणि शेवटी पुस्ती, की किरणांचा त्रास होतो म्हणून वर्षातून एकदाच काढा.

मी धंतोलीत फिजिओथेरपी करते. हा मेसेज वाचून आधी एमआरआय आणि मग डॉक्टर, अशा उलट्या क्रमाने येणारे पेशंट वाढलेत, म्हणून हे लिहितेय.

पुस्तीचं आधी उरकते. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतातच. मोठं चुंबक आणि रेडिओ लहरी, एवढ्यावर ते मशीन चालतं. जपायचं ते वेगळ्याच गोष्टींना: पेसमेकर, मेंदूतली जुनी क्लिप, वेल्डिंगचं काम करणाऱ्याच्या डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण. चित्र ठळक यावं म्हणून कॉन्ट्रास्टचं इंजेक्शन द्यायचं असेल तर किडनीचा आजारही आधी सांगायला हवा.

आता गादी. परवा एक तिशीतले गृहस्थ फाइल घेऊन आले. रिपोर्टमधल्या 'सी ५-६ लेव्हलला माइल्ड डिफ्यूज डिस्क बल्ज' (मानेच्या पाचव्या-सहाव्या मणक्यांमधली गादी किंचित फुगलेली) या ओळीखाली त्यांनी लाल पेनाने दोनदा रेघ मारली होती आणि तेवढ्यावरून बाइक चालवणं सोडलं होतं. जपानमध्ये मानेचा कसलाही त्रास नसलेल्या १,२११ लोकांचे एमआरआय काढून त्याचा अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या गाद्या फुगलेल्या निघाल्या. विशीतल्या निरोगी पोरापोरींमध्येसुद्धा हे प्रमाण सत्तर टक्क्यांच्या वर होतं. म्हणजे ती ओळ डोक्यावरच्या पांढऱ्या केसांसारखी आहे, दुखण्याशी तिचा संबंध असेलच असं नाही. तिला अर्थ येतो तो पेशंटशी जुळवून पाहिल्यावर. सी ५-६ मध्ये नस दबली असेल तर कळ सहसा हातातून अंगठ्याच्या बाजूला उतरते, तिथे मुंग्या येतात. या गृहस्थांचा हात ठणठणीत होता. सकाळी मात्र तासभर मान वळत नव्हती, आणि ते त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

खरी गोम इथेच आहे. कामाने आखडलेली मान संध्याकाळी जास्त दुखते आणि पडलं की बरं वाटतं. सांध्यांच्या सुजेचं दुखणं बहुधा उलटं वागतं. चाळिशीच्या आत, नकळत सुरू होतं. पहाटे पहाटे झोपमोड करतं, उठून हिंडलं की कमी होतं. सकाळचा ताठरपणा अर्धा तास तरी टिकतो. विश्रांतीने फरक पडत नाही, व्यायामाने पडतो. आपल्याकडे एप्रिल ते जून दुखणाऱ्या प्रत्येक मानेचं खापर कूलरवर फुटतं. फुटू द्या, पण तीच मान जानेवारीतही सकाळी ताठ असेल तर कूलरला सोडा आणि संधिवाततज्ज्ञ गाठा. सोरायसिस असेल, डोळा लाल होऊन दुखण्याचा त्रास वारंवार झाला असेल, घरात कोणाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस, म्हणजे मणक्याच्या सांध्यांना सूज आणणारा संधिवात असेल, तर हेही त्यांना न विचारता सांगा.

'सूज असेल तर दिसतेच' हा मेसेजमधला सगळ्यात फसवा दावा आहे. एमआरआय म्हणजे एक फोटो नव्हे, एकाच तपासणीत वेगवेगळ्या पद्धतींनी चित्रं घेतली जातात. नेहमीच्या टी-२ चित्रात पाणी पांढरं दिसतं आणि मणक्याच्या हाडातली चरबीही बऱ्यापैकी पांढरी दिसते, त्यामुळे हाडातली हलकी सूज त्यात लपून जाते. चरबीचा सिग्नल दाबून टाकणाऱ्या चित्राला स्टर म्हणतात. त्यात हाड काळसर होतं आणि सुजेची जागा उजळून निघते. बरीच सेंटर हे चित्र काढतात, पण नेहमीच्या तपासणीचा सगळा रोख गादी, नस आणि मज्जारज्जू यांवर असतो. मागचे बारीक सांधे आणि कवटीखालचे पहिले दोन मणके कोणी मुद्दाम पाहायला सांगितले नाहीत तर रिपोर्टमध्ये त्यांच्या वाट्याला अर्धी ओळ येते. चिठ्ठीवर नुसतं 'नेक पेन' लिहून पाठवलं तर रेडिओलॉजिस्टने तरी काय शोधावं?

त्याहून गंमत म्हणजे अशा संशयात पुष्कळदा मान सोडून कमरेखाली पाहावं लागतं. मणक्याच्या सुजेच्या या संधिवाताची सुरुवात बहुधा माकडहाडाच्या वरच्या हाडाच्या दोन्ही बाजूंच्या सॅक्रोइलियाक सांध्यांतून होते. युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेने २०१५ मध्ये दिलेला सल्ला असा, की निदानासाठी आधी या सांध्यांचा एक्स-रे काढावा, वय कमी असेल किंवा त्रास नवा असेल तर त्यांचा एमआरआय, आणि मणक्याचा एमआरआय निदानासाठी सरसकट नको. सोरायसिसवाल्यांची गोष्ट थोडी वेगळी, त्यांच्यात हे सांधे चांगले असूनही मान धरली जाऊ शकते. आणि सॅक्रोइलियाकमध्ये पांढरं दिसलं म्हणजे आजार आहेच, असंही नाही. धावणाऱ्यांत आणि नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांतही तसं दिसतं.

नॉर्मल रिपोर्ट म्हणजे मनाचं दुखणं, हे तर वाचूनच चीड येते. पन्नाशीनंतर मान आणि दोन्ही खांदे एकदम ताठ होणाऱ्या पॉलिमायाल्जियात मानेच्या एमआरआयमधून निदान होत नाही, तिथे ईएसआर आणि सीआरपी या अंगातली सूज दाखवणाऱ्या साध्या रक्त तपासण्या कामाला येतात. म्हाताऱ्या माणसाची मान एका रात्रीत जखडली, ताप आला, तर दुसऱ्या मणक्याच्या सुळक्याभोवती कॅल्शियमचे खडे साचलेले असू शकतात. ते सीटी स्कॅनमध्ये स्वच्छ दिसतात, एमआरआयमध्ये सहज निसटतात. उलट बाजूही सांगते: मणक्याच्या सुजेच्या आजारात सीआरपी नॉर्मल असणारे पेशंटही कमी नाहीत, आणि या आजाराशी जोडलेला एचएलए-बी२७ हा जनुक पॉझिटिव्ह असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काही होत नाही.

एका बाबतीत मात्र मेसेज कमीच बोलतो. ताप, उतरलेलं वजन आणि रात्रंदिवस ठणकणारी मान असेल तर आपल्याकडे मणक्याचा टीबी आधी डोक्यात यायला हवा. चालताना तोल जाणं, शर्टाची बटणं लावता न येणं, लघवीवरचा ताबा सुटणं ही मज्जारज्जू दबल्याची चिन्हं. अशा वेळी पंधरा दिवस कसले मोजता? त्याच दिवशी मेडिकल, मेयो, एम्स, जे जवळ असेल ते गाठा. तिथे एमआरआय तातडीनेच हवा.

राहिला एक्स-रे, ज्याला मेसेजने निकालात काढलंय. जुन्या आमवातात (रुमॅटॉइड आर्थ्रायटिस) मानेच्या पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यामधला बंध सैल पडू शकतो. एमआरआय बहुधा उताणं झोपवून, मान स्थिर ठेवून काढतात, त्यामुळे वाकल्यावर सरकणारा मणका त्यात जागेवरच दिसू शकतो. मान पुढे वाकवून आणि मागे नेऊन काढलेल्या दोन एक्स-रेंमध्ये तो पकडला जातो. मोठ्या माणसात तिथलं अंतर तीन मिलिमीटरच्या वर गेलं तर डॉक्टर सावध होतात. मग मज्जारज्जूवर किती दाब आहे ते पाहायला एमआरआय. घरात कोणाची आमवाताची औषधं कित्येक वर्षं चालू असतील आणि गुडघा बदलायची तारीख ठरली असेल, तर भूलतज्ज्ञांना मानेबद्दल आवर्जून सांगा. भूल देताना श्वासाची नळी घालायला मान मागे करावी लागते, म्हणून हे एक्स-रे ऑपरेशनच्या आधी त्यांच्या हातात हवेत.