साडेतीन फूट

पन्नाशी जवळ आल्यावर माणसाने गाडीखाली शिरू नये, कारण आत सरकणे एक वेळ जमते, पण बाहेर यायला घरच्यांनी पाय धरून ओढावे लागते. वडिलांनी १९९४ साली घेतलेली गाडी मी स्वतःच दुरुस्त करतो. या छंदाला माझ्या कमरेने कायमची हरकत घेतली, तेव्हा एका बंद पडलेल्या गॅरेजमधून मी दोन खांबांची जुनी हायड्रॉलिक लिफ्ट स्वस्तात उचलली आणि ती अंगणात उतरल्यावर प्रथमच टेप हातात घेतला.

गाडी पावणेपाच फूट उंच, लिफ्ट तिला सहा फूट उचलणार आणि दोन्ही खांबांना जोडणारा आडवा पट्टा बारा फुटांवर. आमची पत्र्याची शेड मात्र साडेआठ फुटांची. उरलेल्या साडेतीन फुटांवर पत्नीने सुचवलेला उपाय, म्हणजे गाडीच विकून टाकणे, गणिताच्या दृष्टीने निर्दोष होता.

फॅब्रिकेटरने शेडला एक प्रदक्षिणा घातली, खांबावर टिचकी मारली आणि म्हणाला, "पत्रे कशाला काढायचे, मालक? अख्खं छप्पर तसंच उचलू की." चारही खांबांशेजारी टेकू देऊन जॅक लावायचे, खांब खालून कापायचे, छप्पर इंच-इंच वर घेत खाली लाकडी ठोकळे सरकवायचे आणि शेवटी पाइपचे साडेतीन फुटी तुकडे वेल्डिंगने जोडायचे, असा त्याचा बेत होता. कागदावर यात काहीच चूक नव्हती. पण चार जॅकवर चार स्वभावांची माणसे होती. पहिला घाईचा, दुसरा विचारी, तिसरा मोबाइलवर आणि चौथा नेमका दांडा मारायच्या वेळी तंबाखू मळणारा. त्यामुळे छप्पर अर्ध्या तासात एका कुशीवर कलंडले, पत्र्यांचे बोल्ट करकरू लागले आणि माळ्यावरचा माझ्या लहानपणीचा पाळणा घरंगळत येऊन फॅब्रिकेटरच्या पायाशी थांबला.

शेजारचे काका कठड्यावरून हे पाहत होते. "नंदीध्वज ठेवायला जागा करायलाव काय?" असे त्यांनी सकाळीच विचारून झाले होते. जानेवारीत आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेत पांढरी बाराबंदी घालून सात नंदीध्वजांपैकी, म्हणजे मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्यांपैकी, एक पेलणाऱ्या या माणसाला उंच वस्तू सरळ कशी ठेवावी, हे कोणी शिकवायला नको होते. त्यांनी खाली येऊन तंबाखूची पुडी जप्त केली आणि "एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र" अशी आरोळी दिली. दुसऱ्या 'हर्र'ला चारही दांडे एकदम खाली आले. संध्याकाळपर्यंत छप्पर बारा फुटांच्या वर पोहोचले आणि गल्लीतल्या सगळ्यांचा घसा बसला.

मग जमिनीची पाळी आली. शहाबादी फरशीखाली आपली काळी माती निघाली, जी पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर लिफ्टचे खांब उभे करणे म्हणजे गाडी झुलत्या पुलावर चढवण्यासारखे होते. माती उपसून मुरूम दाबला, काँक्रीट ओतले आणि ते पुरते पक्के व्हायला अठ्ठावीस दिवस थांबलो. ज्या घरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येते, तिथे काँक्रीटला रोज पाणी मारणाऱ्याकडे कोणत्या नजरेने पाहिले जाते, ते मी सांगत नाही.

मे महिन्यात, पारा त्रेचाळीसवर असताना, गाडी अखेर वर चढली. मी ती लिफ्टच्या खांबातल्या, गाडी खाली घसरू न देणाऱ्या खटक्यावर टेकवली आणि वीज गेली. खटका सोडवायला गाडी आधी इंचभर वर घ्यावी लागते आणि त्यासाठी मोटार चालावी लागते, हे मला तेव्हा उमगले. इकडे घरातले पंखे थांबताच, उंच छपराखाली वारा खेळतो हे सर्वांच्या ध्यानात आले. आईने गिअरबॉक्सखाली सतरंजी अंथरली आणि चटणीसाठी शेंगा फोडायला घेतल्या.

"वरनं तेल ठिबकतंय की रे," ती मान वर न करता म्हणाली.

मी थेंबाखाली वाटी सरकवली आणि शेंगांचे सूप पुढे ओढले.