पिवळ्या रंगाने माझा जीव काढलाय

"रंग पातळ कर." हे तीन शब्द यापुढे कोणी मला ऐकवले तर खरंच भांडण होईल. पातळ केलाय मी रंग! ओल्या पॅलेटवर घेतला, थेंबाथेंबाने पाणी घातलं, ब्रशचं टोक टिश्यूला टेकवून जास्तीचा रंग काढला आणि मगच मिनीला, म्हणजे टेबलावरच्या खेळातल्या छोट्या पुतळीला, हात लावला. एकदा घाई केली ती सोडली, तर एक हात पूर्ण वाळल्याशिवाय दुसरा दिला नाही. असे सहा हात झाले. सहा! तरी छातीवर डाव्या बाजूला तो चट्टा आहे तिथेच आहे.

मिनी वुल्व्हरिनची, म्हणजे मार्व्हल कॉमिक्समधल्या पंजेवाल्या सुपरहीरोची. पिवळा-निळा पोशाख, 40 मिमीच्या मापातली, म्हणजे एरवीच्या 28-32 मिमीवाल्या फॅन्टसी मिनींपेक्षा चांगली मोठी. मोठी म्हणजे सोपी, असं ज्यांना वाटतं त्यांनी एकदा रंगवून बघावी. ऑर्क, म्हणजे फॅन्टसीतला राक्षस, रंगवताना काहीही चुकलं तरी खपतं. चामडं, केस, गंजलेलं चिलखत, फाटकं कापड, सगळं खडबडीत. वॉश, म्हणजे पाण्यासारखा पातळ गडद रंग, ओतला की तो खाचांत उतरतो, वरून जेमतेम रंग लागलेला कोरडा ब्रश फिरवला की कडा उठून दिसतात, अर्धं काम झालं. सुपरहीरोच्या अंगावर काय असतं? घट्ट, गुळगुळीत पोशाख. खाच नाही, पोत नाही. तोच वॉश इथे मांडीवर डबकं करून बसतो आणि वाळला की कडेला तपकिरी ओघळ दिसतो. कोरडा ब्रश फिरवला तर खडू घासल्यासारखं दिसतं. लपायला जागाच नाही. जे काही करायचं ते रंगाच्या सपाट, एकसारख्या हातानेच करायचं, आणि तो हात पिवळ्याचा असेल तर मेलात.

या पात्रांना लाल, निळा, पिवळा असे भडक रंग मुळात मिळाले ते छपाईमुळे. स्वस्त कागदावर चार शाईंत कॉमिक छापायचं, तर असेच रंग ठसठशीत उठायचे. वुल्व्हरिन 1974 साली पहिल्यांदा छापला गेला तो त्याच छपाईत. फिकट कागदावर पिवळी शाई एकदा फिरली की काम संपलं. छापखान्याला जे एका फेरीत जमायचं, ते करायला मला चार संध्याकाळी लागल्यात आणि या मिनीवर ते अजून जमलेलं नाही!

पहिल्यांदा काळ्या प्रायमरवर, म्हणजे रंगाआधी द्यायच्या थरावर, सुरुवात केली, कारण जो तो सांगतो की काळा प्रायमर मारला की सावल्या फुकटात मिळतात. काळ्यावर पातळ पिवळा दिला की काय होतं माहीत आहे? हिरवा होतो. शेवाळी. माझ्या डोळ्यांदेखत वुल्व्हरिन शेवाळलेला दगड झाला. मग आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून, जुन्या टूथब्रशने घासून सगळं काढलं. सगळं म्हणजे काय, पंज्यांच्या बेचक्यांत आणि पट्ट्याखाली काळा प्रायमर अडकलाय तो अडकलायच. मग पांढरा प्रायमर. पांढऱ्यावर रंग हिरवा झाला नाही, पण ब्रशचा प्रत्येक फटकारा दिसायला लागला. एक हात थोडा ओला असताना मी घाईने दुसरा फिरवला, तर खालचा रंग ब्रशबरोबर सोलून आला आणि खांद्यावर पांढरं भोक पडलं. ते बुजवायला दिलेल्या रंगाची कड उठली. ती कड घासायला गेले तर शेजारचा निळा उडाला.

आणि माझी तळपायाची आग मस्तकात जाते ती इथे. मुळात इतके हात द्यावे लागतात ते त्या पिवळ्यात असलेल्या पिगमेंटमुळे, म्हणजे रंग देणाऱ्या पुडीमुळे. हल्लीचे बरेचसे पिवळे रंग सेंद्रिय, म्हणजे कार्बनी रसायनांच्या, पिगमेंटचे असतात, आणि त्यातले कित्येक अर्धपारदर्शक. खालचं झाकायची त्यांची ताकदच कमी. जुना क्रोम यलो झाकायचा मस्त, पण त्यात शिसं होतं, तो गेला ते बरंच झालं. यावर माझी काहीच तक्रार नाही. रसायन आहे ते, त्याला जे येतं तेच ते करणार. तक्रार आहे बाटलीबद्दल. चित्रकाराच्या रंगाची चांगली ट्यूब हातात घेऊन बघा. त्यावर पिगमेंटचा क्रमांक छापलेला असतो. पीवाय 3 म्हणजे कुठला पिवळा, पीडब्ल्यू 6 म्हणजे टायटॅनियमचा पांढरा, सगळं कळतं. शेजारी छोटासा चौकोन असतो. भरलेला म्हणजे झाकणारा, रिकामा म्हणजे पारदर्शक. रंग पिळायच्या आधीच माणसाला कळतं की आपल्या पुढ्यात काय वाढून ठेवलंय. आणि मिनीच्या रंगाच्या बहुतेक बाटल्यांवर काय असतं? नाव. सूर्याचं, ड्रॅगनचं, कुठल्याशा साम्राज्याचं. अरे, नाव घेऊन मी काय करू? हा रंग झाकतो की नाही एवढं सांगा ना! एवढासा चौकोन छापायला जागा नाही का? मिलिलीटर छापायला जागा आहे, लोगोला आहे, नावाला तर आहेच आहे.

बाटली सांगत नाही म्हणून सगळं खापर फुटतं रंगवणाऱ्याच्या डोक्यावर. झाकलं नाही? तू पातळ केला नसशील. पातळ केला? मग जास्त पातळ केलास. हात वाढवले? अगं, इतके हात कशाला दिलेस, बारकावे बुजले. कितीतरी नवे लोक पहिलीच मिनी हौसेने पिवळ्या पोशाखाची घेतात, रंग चट्ट्याचट्ट्यांचा होतो, आणि त्यांना वाटतं आपल्या हातातच कला नाही. ब्रश ठेवून देतात ते. याचा मला सगळ्यात जास्त राग येतो.

शेवटी काय चाललं ते सांगते, म्हणजे तुम्ही तरी चार संध्याकाळी घालवणार नाही. झाकणाऱ्या गेरूपिवळ्याचे दोन हात सगळीकडे. वाळू दिले, अगदी रात्रभर. त्यावर गेरूत पांढरा मिसळून उजेडाच्या जागा. पिवळा सगळ्यात शेवटी, नुसता रंगछटेपुरता, आणि पातळ करायला पाण्याऐवजी मीडियम, म्हणजे रंगाचंच बिनरंगी द्रव्य, कारण पाणी जास्त झालं की रंग मध्ये विरळ होतो आणि कडेला जमतो. उजेडाच्या जागा सोडल्या तर दुसऱ्या मिनीवर हे तीन हातांत बसलं. तीन! हे बाटलीवर एका ओळीत लिहिता आलं असतं.

दुसरी मिनी यासाठी, की पहिलीला मी व्हार्निशने मारलं. तो छातीवरचा चट्टा सोडून बाकी जमलं होतं. पट्टे झाले, पंजे झाले, डोळ्यांचे पांढरे त्रिकोण झाले. मॅट व्हार्निशचा डबा हलवला, दमट हवेत फवारला, आणि दहा मिनिटांत सगळ्या अंगावर पांढरट धुकं. मॅटपणा येतो तो त्यातल्या बारीक कणांमुळे. ते नीट मिसळले नाहीत, थर जाड पडला किंवा हवेत ओल असली की असंच होतं. डब्यावर लिहिलेलं आहे म्हणा, कोरड्या हवेत फवारा. ही चूक माझी, मान्य. वरून ग्लॉसचा हात दिला तेव्हा छाती-पाठ बऱ्यापैकी मोकळी झाली, पण काखेत आणि मुखवट्याच्या कडेला दुधाळ साय राहिलीच.

उद्या खेळ आहे. मैत्रिणीला फोटो पाठवला तर म्हणते, "अगं, टेबलावर लांबून कोण बघतंय?" मी बघतेय! दोन फुटांवरून संध्याकाळभर मीच बघत बसणार आहे त्याच्या काखेकडे. म्हणून उद्या दुसरीच मिनी खेळणार, व्हार्निशशिवाय. आणि तिला जो कोणी उचलेल त्याने बेसला धरून उचलायचं. डोक्याला नाही, पंज्यांना तर अजिबात नाही. पिवळ्याला बोट लागलेलं दिसलं तर मी खेळ तिथेच थांबवणार आहे.