तीन मिनिटांची फायनल

परवा रात्री जेवणं आवरून बाहेर कट्ट्यावर बसलेले, भाचा शेजारी येऊन बसला (आठवीत आहे) आणि म्हणाला, "आत्ती, मेस्सीची फायनल बघूया काय, तीनच मिनिटाची हाय." 2022 च्या फुटबॉल वर्ल्डकपची, अर्जेंटिना-फ्रान्स. बघितली त्याच्यासोबत. धडाधड सहा गोल, पेनल्ट्या, मेस्सीनं कप उचलला, संपलं. त्याला लई आवडली. मला मात्र झोपेपर्यंत काहीतरी हुकल्यासारखं वाटत राहिलं, म्हणून हे लिहायला घेतलंय. मोठं होणार आहे, सावकाश वाचा.

ती फायनल मी पूर्ण बघितलेली. 18 डिसेंबर, रविवार, आपल्या टायमानं रात्री साडेआठला चालू झाली. गल्लीत पोरांनी पडदा बांधून प्रोजेक्टर लावलेला, थंडी मरणाची, म्हातारी माणसं कानटोप्या घालून पुढं खुर्च्यांवर. आमच्या गल्लीत निम्मी अर्जेंटिना निम्मी ब्राझील, पण ब्राझील क्रोएशियाकडून आधीच बाहेर गेलेली त्यामुळं ब्राझीलवाले त्या एका रात्रीपुरते फ्रान्सचे झालेले. मेस्सीची पेनल्टी, मग डी मारियाचा तो गोल (पूर्ण टीमनं मिळून केलेला, मला विचाराल तर अख्ख्या फायनलचा सगळ्यात देखणा), 2-0. सेकंड हाफमध्ये फ्रान्स काहीच करेना. कंटाळून बायका उठायला लागल्या, सोमवारचे डबे होते सगळ्यांचे. मीपण चप्पल पायात घातलेली. आणि 80 व्या मिनिटाला एम्बाप्पेची पेनल्टी, 81 व्याला परत एम्बाप्पे, आमच्या गेलेल्या बायका ओरडा ऐकून हातातला साबण तसाच घेऊन परत पडद्यासमोर. तिथून पुढं पेनल्ट्या संपेपर्यंत कुणी खाली बसलं नाही. एक्स्ट्रा टाईमच्या अगदी शेवटाला फ्रान्सचा कोलो मुआनी एकटा समोर आला आणि अर्जेंटिनाचा गोलकीपर मार्टिनेझनं पाय लांब करून तो बॉल अडवला, तेव्हा माझ्या शेजारच्या काकूंनी माझा दंड एवढा घट्ट धरलेला की दुसऱ्या दिवशी निळा झालेला.

भाच्याच्या त्या तीन मिनिटांच्या रीलमध्ये तो बॉल आहे. त्याच्याआधीची 79 मिनिटं नाहीत, उठून जाणाऱ्या बायका नाहीत, काकूंचा हात नाही. भाच्यानं बघितलं ते आणि मी बघितलं ते एकच आहे असं मला कोण म्हणालं तर मी नाहीच म्हणणार.

हे वेड मला बाबांनी लावलं. बाबा मला कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर न्यायचे, मी दुसरी-तिसरीत असल्यापासून. बाहेरगावच्या लोकांना सांगितलं तर खरं वाटत नाही की आमच्याकडं फुटबॉल तालमींचा असतो, नावंच बघा की, पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल. ज्या तालमीत लाल माती आणि मेहनत त्याच तालमीच्या नावानं टीम. पेठेतल्या माणसाला विचारायची गरजच नसते तू कुणाचा म्हणून. तेव्हा स्टेडियमवर बायका-पोरी फार दिसायच्या नाहीत, दिसली तर एखादी, आणि बाबांना ओळखीचे लोक म्हणायचेपण, पोरीला कशाला आणलं उन्हात. बाबा म्हणायचे, "तिला कळतंय." एवढंच. त्या दोन शब्दांवर मी अजून जगतो असं वाटतंय कधीकधी. (हो, मी जगतो. कोल्हापूरच्या पोरी मी जातो, मी येतो असंच बोलतात, आणि भावना दाटली की माझं तेच निघतं.)

बाबांचा एक नियम होता. टीम उतरण्याआधी जाऊन बसायचं आणि शेवटच्या शिट्टीशिवाय उठायचं नाही, आपली टीम चार गोलनं मागं असली तरी. पायऱ्या तापलेल्या असायच्या, खाली वर्तमानपत्र टाकून बसायचो, कागदाच्या पुडीत खारे शेंगदाणे. कितीतरी मॅचेस 0-0 संपल्या. मी विचारायचे बाबा गोल कधी होणार, तर म्हणायचे बॉलकडं नको बघू, हाफबॅककडं (मधल्या फळीत खेळणारा) बघ, तो कुठं सरकतोय बघ. आणि एकदा खरंच दिसलं मला. बॉल होता पलीकडं टचलाईनला आणि इकडचा एक पोरगा हळूच, कुणाचं लक्ष नसताना, मोकळ्या जागेत सरकत निघालेला. मी म्हटलं बाबा तो बघा. पुढच्या चार सेकंदात बॉल त्याच्याकडं आला आणि गोल. अख्खं स्टेडियम उठलं, आणि बाबा मैदानाकडं बघायचे सोडून माझ्याकडं बघत होते. स्पर्धा कुठली, वर्ष कुठलं काही आठवत नाही. पण माझ्या आयुष्यात बघितलेला एक नंबरचा गोल कुठला असं कुणी विचारलं तर तोच, डी मारियाचा दुसरा.

एक बोलून घेतो. मैदानावर हुल्लडबाजी, शिव्या, मॅच संपल्यावर दगड, हे आपण सगळ्यांनी बघितलंय आणि त्यापायी सीझनच्या सीझन अडचणीत आलेत. कुठल्या टीमचे समर्थक ते मी लिहिणार नाही, सगळ्यांनी आपापल्या घरात बघावं. एवढंच म्हणणं आहे की एखाद्या बापाला आज पोरीला घेऊन जावंसं वाटलं तर त्यानं दोनदा विचार करायला नको.

आता माझं. मी खो-खो खेळलो. शाळेकडून, पाचवी ते दहावी. ज्यांना वाटतं खो-खो म्हणजे नुसती पळापळी त्यांनी एकदा मैदानात उतरून बघावं. पळणाऱ्याला दोन खांबांच्या मधल्या पट्ट्यातून कुठूनपण आरपार जाता येतं, पाठलाग करणारीला येत नाही, तिला एकदा दिशा धरली की मागं फिरता येत नाही, बाजू बदलायची तर बसलेलीला खो द्यायला लागतो नाहीतर खांबाला वळसा. म्हणजे पळणारी एकटी आणि तिच्या मागं नऊजणी, पण नऊजणींचे हात नियमानं बांधलेले. सगळा खेळ त्या फटीत आहे.

नववीत असताना आंतरशालेय फायनलला आम्ही एक पॉइंटनं पुढं होतो आणि शेवटची पळती आमची. आमची शेवटची तुकडी आत, तिघी. पहिली लगेच गेली. दुसरी खांबाजवळ सापडली. मी उरले. बाहेर आमचे सर उभे होते, ते कधी ओरडायचे नाहीत, फक्त किती राहिलं ते सांगायचे. "दीड मिनिट." मी गेले म्हणजे बरोबरी, मग जादा डाव, आणि आमच्यात जादा डावाची ताकद राहिलेली नव्हती. आधी साखळी पळाले, एक एक बसलेली सोडून नागमोडी. मग त्यांनी उंच पोरगी उठवली, तिचा हात लांब, साखळीत ती धरणारच, म्हणून मी वर्तुळ घेतलं. "एक मिनिट." श्वास घशात अडकलेला, डोळ्यासमोर नुसती माती. एका मिनिटात किती सेकंद असतात हे मला त्या दिवशी कळलं, साठ नसतातच ते, जास्त असतात. "वीस." उंच पोरगी खांबाकडं मला ढकलत आली, मी उजवीकडं जातो असं खांदा टाकून दाखवलं आणि डावीकडून गेले, तिनं सूर मारला, तिची बोटं माझ्या फ्रॉकच्या एवढ्या जवळून गेली की वारं लागलं. मी पडले. गुडघा सोलला. तिथंच पडल्या पडल्या शिट्टी ऐकली.

फ्रॉकला हात लागला होता का यावर पंचांनी एकमेकांकडं बघितलं. ते दोन-तीन सेकंद. मग नॉट आऊट.

गुडघ्यावर वण आहे अजून. त्या पोरीचं नाव मला माहीत नाही पण तिचा चेहरा आज रस्त्यात दिसला तर ओळखीन. बक्षिसाचा कप शाळेच्या कपाटात गेला, पुढं काय झालं देव जाणे. नंतर कळलं की बाबा कुंपणाच्या बाहेर सायकल धरून उभे होते, ड्युटी सोडून आलेले, आणि आत आले नाहीत कारण म्हणे तुझं लक्ष गेलं असतं.

म्हणून 19 जानेवारी 2025 ला दिल्लीत खो-खोच्या पहिल्या वर्ल्डकपची फायनल झाली आणि आपल्या पोरींनी नेपाळला 78-40 नं हरवलं तेव्हा मी टीव्हीसमोर उभं राहून रडले. कॅप्टन प्रियांका इंगळे, पुरुषांचा कॅप्टन प्रतीक वाईकर, दोघंही आपल्या महाराष्ट्राचे, आणि पुरुषांनीपण त्याच दिवशी नेपाळलाच 54-36 नं हरवलं. मातीच्या जागी मॅट, दिवे, कॅमेरे, आणि जास्त वेळ तग धरला की ड्रीम रनचे वेगळे पॉइंट. तग धरण्याला पॉइंट! आमच्या सरांना केवढा आनंद झाला असता.

नेमबाजीतपण माझं तेच होतं. लोक म्हणतात काय बघायचं त्यात, सगळे पुतळ्यासारखे उभे. 22 ऑगस्ट 2018, आशियाई स्पर्धा, आपली राही सरनोबत 25 मीटर पिस्तूलच्या फायनलला. मी ऑफिसात, मोबाईलवर नुसते आकडे बघत होते. थायलंडची नेमबाज आणि राही दोघी 34 वर बरोबरीत. शूट-ऑफ, म्हणजे बरोबरी मोडायची जादा फेरी. त्यातपण बरोबरी. परत शूट-ऑफ. तेव्हा कुठं गोल्ड. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं गोल्ड मिळवणारी पहिली भारतीय बाई, आपल्या कोल्हापूरची. त्या दोन शूट-ऑफच्या मधे मी पाण्याचा ग्लास तोंडाला लावून तसाच धरून बसलेले, पाणी प्यायलेच नाही.

आणि नेमबाज स्वप्नील कुसाळे. 1 ऑगस्ट 2024. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा पोरगा पॅरिस ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये, 50 मीटर रायफल थ्री पोझिशन. आधी गुडघ्यावर बसून, मग झोपून, मग उभं राहून. बसून मारल्यावर सहावा होता. झोपून मारल्यावर पाचवा. त्या वेळी ज्यांनी टीव्ही बंद केला त्यांचं वाईट वाटतं मला. उभं राहून मारणं सगळ्यात अवघड, आणि तिथंच तो एकेक जण मागं टाकत वर आला, 451.4, ब्राँझ. या प्रकारात भारताचं पहिलं ऑलिम्पिक मेडल. खाशाबा जाधवांनी 1952 ला हेलसिंकीत कुस्तीचं ब्राँझ आणलं त्याला तेव्हा 72 वर्षं झालेली, आणि खाशाबा शिकले आमच्या राजाराम कॉलेजात, त्यांना पाठवायला प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार उभे केले, ही गोष्ट कोल्हापुरात घराघरात सांगतात. त्याआधी 1948 ला लंडनमध्ये खाशाबा सहावे आलेले. चार वर्षं. स्वप्नील तर 2012 पासून आंतरराष्ट्रीय खेळतोय, बारा वर्षांनी पहिलं ऑलिम्पिक.

स्वप्नीलच्या मेडलनंतर बरोबर आठवड्यानं, 8 ऑगस्टच्या रात्री, आमचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. शेजारी खासबाग, कुस्तीचं मैदान. शाहू महाराजांनी बांधलेलं, 1912 ला खुलं झालेलं, मधे आखाडा आणि चारी बाजूंनी वर चढत गेलेली बसायची जागा, लांबच्या माणसालासुद्धा कुस्ती दिसावी म्हणून. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून ज्वाळा बघितल्या. आनंदाच्या दिवसांत असं पोटात तुटलेलं मला कधी आठवत नाही, अजून तिकडनं जाताना मान वळत नाही.

बाबा एक गोष्ट नेहमी सांगायचे ती लिहितो आणि थांबतो. भाऊसाहेब निंबाळकर, जन्म कोल्हापूरचा. डिसेंबर 1948, पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध काठियावाड, रणजी. नाबाद 443. ब्रॅडमनचा त्या वेळचा जागतिक विक्रम 452. फक्त 9 रन कमी. आणि काठियावाडचा संघ पुढं खेळायलाच आला नाही, मॅच सोडून दिली. बाबांनी ती मॅच बघितलेली नव्हती, तेव्हा ते जन्माला यायचे होते. पण सांगताना शेवटी गप्प व्हायचे, जसं काय काठियावाडचे लोक अजून विचार बदलून मैदानात येतील आणि भाऊसाहेब स्टान्स घेतील.

तर भाच्याला मी म्हटलंय की पुढच्या रविवारी शाहू स्टेडियमला जायचं, मॅच कुठलीपण असू दे, टीम उतरायच्या आधी जाऊन बसायचं, शिट्टी होईपर्यंत उठायचं नाही, शेंगदाणे माझ्याकडनं. मोबाईल घरी ठेवायचा. त्यानं अजून हो म्हटलेलं नाही, पण हाफबॅक म्हणजे काय ते मात्र विचारलंय.