ओल्या वाळूत ओरडणाऱ्या १५ इंची कॉइलबद्दल: आपल्या अभिप्रायाला उत्तर

आदरणीय ग्राहक, सप्रेम नमस्कार.

आपला एका ताऱ्याचा अभिप्राय वाचला. आमच्याकडून घेतलेली मेटल डिटेक्टरची (धातू शोधण्याच्या यंत्राची) १५ इंची कॉइल, म्हणजे जमिनीवरून फिरवायची चकती, समुद्रकिनाऱ्यावर ओल्या वाळूत सतत ओरडत राहिली, पाण्यात नेल्यावर वर उसळत होती, दोन दिवसांत एक अंगठीसुद्धा हाती लागली नाही, आणि ‘कुठे वापरणार हे न विचारताच दुकानदाराने मोठी, सदोष कॉइल गळ्यात मारली’, असे आपण लिहिले आहे. आपले दोन दिवस वाया गेले, याबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. नंतर आपण फोन केलात तेव्हा मी तुटकपणे बोललो, तेही चुकलेच.

मात्र ‘न विचारताच’ हा शब्द मला फार लागला. कॉइल मागणाऱ्या प्रत्येकाला मी सर्वांत आधी तीच गोष्ट विचारतो, कारण तिचे उत्तर मिळाल्याशिवाय कॉइल निवडताच येत नाही. आपल्यालाही मी ती दोनदा विचारली होती: एकदा फोनवर, आणि दुसऱ्यांदा आपण दुकानात आलात तेव्हा, खोके बांधण्याआधी. दोन्ही वेळा आपण ‘भरतीच्या रेषेच्या वर, कोरड्या वाळूत’ असेच सांगितले. त्या कामासाठी १५ इंची डबल-डी (आत इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी असलेली) कॉइल योग्यच आहे. तिच्या एका फेरीत रुंद पट्टा पाहून होतो, मोकळी जागा लवकर संपते आणि कोरडी वाळू यंत्राला फारसा त्रास देत नाही. पाण्यात उतरण्याचा विचार असेल तर ११ इंचांहून मोठी कॉइल घेऊ नये, आणि आपल्यासारखे एकाच फ्रिक्वेन्सीवर चालणारे यंत्र असेल तर त्याहूनही लहान घ्यावी, हेही मी तेव्हाच बोललो होतो. त्यावर ‘लहान कॉइलने खोलवरचे काही सापडत नाही’ असे आपले म्हणणे पडले आणि मी पुढे आग्रह धरला नाही.

ती समजूत अनेकांची असते, म्हणून येथे थोडे सविस्तर लिहितो. खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. त्यामुळे समुद्राच्या पाण्याने भिजलेली वाळू यंत्राला एखाद्या मोठ्या, कमी वाहक धातूसारखी भासते. १५ इंची कॉइलचे क्षेत्रफळ ११ इंचीच्या पावणेदोनपटींहून अधिक असते, म्हणजे ती तेवढ्या जास्त खाऱ्या वाळूवर एकाच वेळी नजर ठेवते आणि मिठाचा गोंगाटही त्या मानाने वाढतो. खोलीचा लाभ मात्र त्या प्रमाणात होत नाही, कारण वस्तू कॉइलच्या आकाराच्या मानाने दूर गेली की तिच्यापासूनचे अंतर दुप्पट होताच परतणारा सिग्नल ढोबळमानाने ६४ पटींनी क्षीण होतो. गोंगाट दाबण्यासाठी सेन्सिटिव्हिटी (यंत्राची संवेदनक्षमता) खाली आणावी लागते, आणि मग मोठ्या कॉइलने मिळालेली खोलीही हातची जाते. ओल्या, खाऱ्या वाळूत शांत चालणारी लहान कॉइल पुष्कळदा मोठीपेक्षा अधिक देते ती यामुळेच.

अंगठीबद्दलही तेच म्हणावे लागेल. आवाज थांबावा म्हणून डिस्क्रिमिनेशन (नको असलेले सिग्नल गाळण्याची सोय) वाढवल्याचे आपण लिहिले आहे. एका फ्रिक्वेन्सीच्या यंत्रावर मिठाचा आणि बारीक सोन्याचा, म्हणजे पातळ अंगठीचा किंवा नाजूक साखळीचा, सिग्नल जवळजवळ एकाच जागी पडतो. मीठ गाळले की ते सोनेही गाळले जाते. हा दोष कॉइलचा नव्हे.

कॉइल सदोष असती तर ती बहुधा कोरड्या वाळूतही ओरडली असती. ‘पहिल्या सकाळी वरच्या वाळूत ठीक चालली’ हे आपलेच वाक्य आहे, आणि तेच माझे सर्वांत मोठे प्रमाण आहे.

पाण्यात वर उसळण्याबाबत मात्र माझ्याकडून सांगायचे राहिले. कॉइल जलरोधक आहे आणि पाण्याने बिघडणार नाही, परंतु मोठी बंद कॉइल आपल्या वजनापेक्षा जास्त पाणी बाजूला सारत असेल तर ती वर येणारच, शिवाय झुलवताना पाण्याचा विरोधही मोठा होतो. कमरेएवढ्या पाण्यासाठी लहान, किंवा मध्ये मोकळी जागा असलेली कॉइल हवी. कोरड्या वाळूचे उत्तर मिळाल्यावर ही गोष्ट माझ्या मनात आली नाही.

ती कॉइल परत न घेण्यामागे लोभ नव्हता. तिच्या आवरणात वाळू शिरली होती आणि तळाला ओरखडे होते; नवी म्हणून ती दुसऱ्या कोणाला देणे माझ्या मनाला पटले नसते. आमच्याकडे येणारे बहुतेक लोक असे अभिप्राय वाचूनच येतात. एक तारा आणि ‘गळ्यात मारली’ हे शब्द आमच्या पोटावर येतात, हे आपण समजून घ्याल अशी आशा आहे.

तूर्त आपण आवरण काढून कॉइल गोड्या पाण्याने धुवावी, केबल दांड्याला घट्ट गुंडाळावी, वाळूचा ओलावा सारखा असेल त्या पट्ट्यातच चालावे, तेथेच ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा सिग्नल बाजूला काढण्याची जुळवणी) पुन्हा करावा, सेन्सिटिव्हिटी उतरवावी आणि कॉइल जमिनीपासून एकाच उंचीवर ठेवावी. लाट कॉइलवरून जाते तेव्हाचा आवाज सोडून द्यावा. पुढे पाण्यातच शोध घ्यायचा असेल तर मल्टी-फ्रिक्वेन्सी (अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणाऱ्या) किंवा पल्स इंडक्शन (विजेच्या छोट्या झटक्यांनी धातू शोधणाऱ्या) यंत्राचा विचार करावा. मात्र पल्स इंडक्शनमध्ये लोखंड वेगळे ओळखणे अवघड जाते, आणि एका यंत्राची कॉइल दुसऱ्याला चालेलच असे नसते. यापुढे अशा गोष्टी खोक्यासोबत लिहून देण्याची काहीतरी व्यवस्था आम्ही करू.

आपण तारे वाढवावेत अशी विनंती मी करत नाही. ‘न विचारताच’ एवढे शब्द मात्र आपण आठवून पाहून दुरुस्त करावेत.

आपला नम्र,
दुकानाचा मालक